पालक 'छान आहे ताई' म्हणतात तेव्हा: केंद्राबद्दल खरं काय वाटतं ते कसं काढून घ्यायचं

आमचं केंद्र पुण्यातल्या एका वस्तीत आहे. समाजमंदिराची एक खोली, मोठी सतरंजी, खेळणी, पुस्तकं, पाण्याचा माठ. दुपारी कुणीही आई, आज्जी, मावशी, क्वचित एखादा बाप सहा वर्षांखालचं मूल घेऊन येतो, मूल खेळतं, मोठी माणसं बोलतात नाहीतर नुसती पंख्याखाली टेकतात आणि वाटेल तेव्हा उठून जातात. ॲडमिशन नाही, फी नाही, यायलाच पाहिजे असं नाही. अंगणवाडी नाही आणि पाळणाघरही नाही, कारण मूल सोडून जायचं नसतं, मोठ्यानं सोबत थांबायचं असतं.

आता यातली गोची अशी की फी भरलेली असती तर माणूस निदान भांडला असता. इथं ज्याला आवडलं नाही तो उद्यापासून येत नाही, बस, आणि तुम्हाला कळतही नाही की का. म्हणून विचारावं लागतं, आणि विचारण्यात आम्ही पहिलं दीड वर्ष एवढा घोळ घातला की तो तुम्ही तरी घालू नये म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीला आम्ही सरळ विचारायचो, काय ताई, कसं वाटतंय केंद्र? छान आहे की. काही कमीजास्त? नाही ओ, सगळं छान. वहीत छान, छान, छान आणि इकडे दुपारी येणारी मुलं पंचवीसवरून बारावर आलेली. याला आपल्याकडे भीड म्हणतात. फुकट मिळतंय, विचारणारी ताई तीच जी रोज आपल्या पोराचा शेंबूड पुसते, तिच्या तोंडावर कोण म्हणणार की तुमचं हे चुकतंय. शिवाय एक भीती असते ती आम्हाला फार उशिरा कळली, काही वाकडं बोललो तर ही मंडळी केंद्रच गुंडाळतील, कारण वस्तीत आधी आलेले दोनतीन ग्रुप असेच फोटो काढून गायब झाले होते.

मग कुणीतरी म्हणालं गूगल फॉर्म करू, नाव नसलं की लोक खरं लिहितात. बारा प्रश्न, एक ते पाच स्टार, व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक. सहा जणांनी भरला, सगळ्यांचे पाच स्टार, त्यातल्या दोघी आमच्याच स्वयंसेविका! नंतर लक्षात आलं की बऱ्याच घरात स्मार्टफोन नवऱ्याकडे असतो, नंबर बाईच्या नावानं ग्रुपवर असला तरी मेसेज तो वाचतो, आणि दिवसभर रिक्षा चालवणारा माणूस खेळणी पुरेशी आहेत का या प्रश्नाला कुठून स्टार देणार.

तर आता आम्ही काय करतो ते सांगते.

सगळ्यात आधी चपलांची जागा. हसाल, पण खरं बोलणं तिथंच होतं. आत बसून कुणी बोलत नाही, आणि निघताना एका हातानं पोराचं मनगट धरून दुसऱ्या हातानं चपलेचा पट्टा ओढत बाई सहज बोलून जाते, चला बाई, पाणी यायची वेळ झाली नाहीतर बसले असते अजून. आमची वेळ तेव्हा तीन ते पाच होती आणि मागच्या दोन गल्ल्यांना पाणी चारला यायचं, म्हणजे त्या बायका येऊन पोरगं जरा रमतंय तोवर हंडे भरायला पळत होत्या, आणि आम्ही मीटिंगमध्ये चर्चा काय करत होतो तर पालकांना बालविकासाचं महत्त्व कसं पटवायचं.

दाराशी खिळ्याला एक वही दोरीनं टांगलीय, बॉलपेनसकट. दाराशी जी ताई असेल तिनं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्या बाईच्याच शब्दात लिहायचं, तारीख घालायची, नाव घालायचं नाही. वही कशाची आहे ते सगळ्यांना माहितीय, काही लोक तर आता 'लिहा ते वहीत' असं स्वतःच म्हणतात. 'वेळेची अडचण' असं लिहिलेलं चालत नाही, 'पाणी चारला येतं' असंच लिहायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागला कारण आपल्याला शाळेपासून सारांश लिहायची सवय, आणि सारांश केला की त्यातलं पाणीच निघून जातं.

दुसरं, प्रश्न. लोकांना मत विचारलं की ते चांगलं वागतात, घडलेलं विचारलं की ते आठवून सांगतात, एवढं एक डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ झालं. 'केंद्र कसं वाटतं' याच्याऐवजी 'मागच्या वेळी आलात तेव्हा किती वेळ थांबलात, आणि उठलात ते कशामुळे' असं विचारा. 'मुलाला फायदा होतो का' याच्याऐवजी 'इथलं काही घरी जाऊन केलं का त्यानं' असं विचारा, म्हणजे एखादी सांगते की तो आता चमच्यानं डाळ इकडून तिकडे ओतत बसतो आणि मी ओरडते. यात आवड पण कळली, घरातली अडचण पण कळली.

'असं केलं तर याल का' हा प्रश्न तर विचारूच नका. आम्ही विचारलं होतं, शनिवारी सकाळी सुरू ठेवलं तर याल का? सगळ्या म्हणाल्या हो येऊ की. समाजमंदिराच्या कमिटीच्या पाया पडून शनिवारची किल्ली मिळवली, एक ताई सुट्टी सोडून आली, आणि पहिल्या शनिवारी तीन मुलं, दुसऱ्या शनिवारी एक, ते पण आमच्याच ताईचं. त्याच्याऐवजी 'गेल्या शनिवारी सकाळी काय काय केलंत' एवढं विचारलं असतं तर कळलं असतं की ज्या घरकामाला जातात त्यांना शनिवारी उलट जास्त काम असतं, कारण साहेब-मॅडम घरी असतात.

अजून एक बारीकसं, एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. 'जागा स्वच्छ आणि सुरक्षित आहे ना?' यात दोन प्रश्न आहेत आणि शेवटचा 'ना' म्हणजे उत्तर आपणच देऊन टाकलेलं. आणि भाषेचं बघा, आमच्याकडे गुलबर्ग्याकडून आलेली बरीच कुटुंबं आहेत, त्या बायका मराठी समजतात पण मनातलं बोलायचं तर कानडीच लागते, म्हणून त्यांच्यातल्याच एका आज्जीला आम्ही विचारायला बसवतो, आणि ती जे आणते ते आमच्या कुणाच्या बापाला मिळालं नसतं.

मग विचारायचं कुणी? केंद्र चालवते तिनं नाही. आम्ही दुसऱ्या वस्तीतल्या अशाच एका केंद्राशी अदलाबदल केली, त्यांच्या ताया दोन दुपार आमच्याकडे, आमच्या त्यांच्याकडे. खर्च काय तर बसचं तिकीट आणि वडापाव. परक्या माणसाजवळ लोक मोकळं बोलतात हे रेल्वेत आपण बघतोच. त्या ताईनं येऊन सांगितलं की तुमच्याकडच्या एका ताईचा आवाज फार मोठा आहे, लहान बाळं दचकतात, आणि ती ताई म्हणजे मी. तोंड पाडून बसले दोन दिवस.

गट करून बोलायचं असेल तर सहा ते आठ जणी पुरेत. पण कोण कुणासमोर बसलीय ते बघा, म्हणजे सासू आणि सून एका गटात नकोत हे तर सांगायलाच नको, पण वस्तीत घरमालकीण आणि भाडेकरू हेही बघावं लागतं, ते आम्हाला माहीत नव्हतं, तीन भाडेकरणी तासभर गप्प आणि एकटी मालकीण बोलतेय असं झालं. पोरांना सांभाळायला वेगळं माणूस ठेवा नाहीतर बोलणं दर मिनिटाला तुटतं. चहा द्या, पण भेटवस्तू देऊ नका, डबा मिळाला की परत सगळं छान.

इथं आमची एक मोठी चूक कबूल करते. संक्रांतीनंतर हळदीकुंकू ठेवलं आणि म्हटलं त्यातच फीडबॅक घेऊ, बायका तशाही येतात. आल्या पण भरपूर. नंतर वहीत वाक्य आलं, 'मी कशी येणार त्या दिवशी'. म्हणणारी विधवा होती, तिशीतली, तिचं पोरगं रोज येतं. आम्ही मुस्लिम घरांचाही विचार केला नव्हता. शिक्षणबिक्षण घेतलेल्या सात बाया आम्ही, एकीच्याही डोक्यात आलं नाही. आता बोलायला बोलवायचं तर साधं 'चहाला या' म्हणतो.

ज्यांना बोलायचंच नाही त्यांच्यासाठी चिंचोके. ही खेडेगावातल्या सर्व्हेवाल्यांची जुनी युक्ती आहे, बिया किंवा खडे टाकून मत द्यायचं, लिहिता-वाचता यायची गरज नाही. आम्ही पाच डबे ठेवले, प्रत्येकावर चित्र चिकटवलं, गोष्टीची पुस्तकं, मातीकाम, पाण्याचे खेळ, गाणी, आणि नुसतं बसून गप्पा. प्रत्येकीला पाच चिंचोके, पाचही एकातच टाका नाहीतर वाटून टाका. डबे पत्र्याचे घ्या आणि झाकणाला भोक पाडा, आधी आम्ही पारदर्शक बरण्या घेतल्या तर जिच्यात ढीग दिसतोय तिच्यातच सगळ्या टाकत सुटल्या. आणि 'यातलं काहीच नको' असा एक रिकामा डबा हवाच, आम्ही तो दुसऱ्या वेळेला ठेवला.

आता महत्त्वाचं, चिंचोके वापरू नका! लिहिलंय खरं चिंचोके, पण आमच्याकडे एका अडीच वर्षाच्या पठ्ठ्यानं एक नाकात घातला आणि मग ती दुपार दवाखान्यात गेली. तीन वर्षांखालची पोरं असतात तिथं चिंचोके, कवड्या, मणी काहीच नको. आम्ही आता डालड्यासारख्या मोठ्या बरण्यांची प्लॅस्टिकची झाकणं वापरतो, तळहाताएवढी, नाकात जात नाहीत आणि तोंडातही जात नाहीत. नाव मात्र अजून चिंचोकेच आहे. त्यात निकाल काय आला तर गप्पांचा डबा सगळ्यात जड. आम्ही मुलांसाठी केंद्र चालवतोय असं समजत होतो आणि आयांना हवी होती ती बसायला जागा, जिथं कुणी 'रिकामी बसलीस का' असं विचारत नाही. त्यानंतर आम्ही भिंतीला टेकून बसता येईल अशा दोन गाद्या टाकल्या, आणि ताईंना सांगितलं की आया गप्पा मारत असतील तर मध्ये जाऊन पौष्टिक आहाराचा विषय काढू नका.

मुलांना पण विचारायचं असतं बरं का. तोंडी विचारून तीन वर्षाचं मूल काही सांगत नाही, ते एकतर लाजतं नाहीतर 'मला बिस्किट' म्हणतं. इंग्लंडमध्ये अॅलिसन क्लार्क आणि पीटर मॉस या दोघांनी यावर एक पद्धत बसवलीय, मूलच तुम्हाला हात धरून जागा दाखवतं, फोटो काढतं, चित्र काढतं आणि ते सगळं जोडून बघायचं. आम्ही त्यातलं आपल्याला झेपेल तेवढं उचललं. जुना फोन हातात दिला आणि म्हटलं तुला इथं जे आवडतं त्याचे फोटो काढ. निम्मे फोटो पायाच्या अंगठ्याचे आले. पण चार पोरांनी एकाच गोष्टीचे काढले होते, कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाचे, ज्यात देणगीत आलेली चांगली खेळणी कुलपात होती. देणगीदार येतात, त्यांना दिसायला हवीत, मोडली तर बरं दिसत नाही म्हणून आम्हीच लावलेलं कुलूप ते. एका फोटोत तर काचेवर नाक दाबल्याचा डाग पण आलाय. कुलूप काढलं, दोन महिन्यात लाकडी आगगाडीचं एक चाक गेलं, बाकी ठीक.

फोटोवरून आठवलं, मुलांचे फोटो, आवाज, नावं ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूलच धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा सोडा, तुम्हाला एवढी माहिती हवीय कशाला? पॅरिसमध्ये १९७९ ला फ्रान्स्वाज दोल्तो या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी असंच, आईबापानं मुलाला घेऊन यायचं आणि सोबत थांबायचं असं एक घर सुरू केलं, तिथं आडनाव-पत्ता काही नाही, फळ्यावर फक्त मुलाचं नाव लिहितात. आमच्याही रजिस्टरमध्ये आता मुलाचं नाव, गल्ली, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ एवढंच असतं. आणि ही शेवटची दोन खणं म्हणजे फुकटचा फीडबॅक. जे मूल आधी दीड तास थांबायचं ते आता वीस मिनिटात जातंय, म्हणजे काहीतरी बिघडलंय, विचारायला जा.

जे यायचे थांबले त्यांच्याकडे जाणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. तारीफ ऐकायची असेल तर रोज येणारे आहेतच, चूक सांगणारे बाहेर आहेत. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा गरीब वस्त्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव तिथूनच आलं. तिथं कुणी फॉर्म भरून घेतला नव्हता, मुलं येत नाहीत हेच उत्तर होतं.

तर रजिस्टर काढायचं, जे एकदोनदा येऊन बंद झाले अशी दहा नावं घ्यायची आणि गल्लीत चक्कर मारायची. दारात जाऊन 'येत नाही का हो आता' असं म्हणू नका, ते शाळेतून तक्रार आल्यासारखं वाटतं आणि लगेच 'येणारच होतो उद्यापासून' सुरू होतं. आम्ही म्हणतो, 'आमचं काहीतरी चुकतंय असं वाटतंय, तुम्ही दोनदा आलात तेव्हा काय खटकलं ते सांगा, यायला लागा असं म्हणायला आलो नाही.' आणि खरंच म्हणायचं नाही! मग सांगतात. एकीनं सांगितलं की पहिल्या दिवशी तिच्याशी कुणी बोललंच नाही, सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, ती अर्धा तास पोराच्या मागे नुसती फिरली. एकीच्या मुलाला आकडी येते, ती म्हणाली तुम्ही नाही म्हणाल म्हणून आधीच बंद केलं. एक बाप म्हणाला आत बायका बाळांना पाजत असतात, मी कुठं बसू? तो रिक्षात बसून असायचा बाहेर, मूल आत एकटं. दहातले तीन कामासाठी गावी गेलेले निघाले, तेही कळलेलं बरं, उगाच स्वतःला दोष देत बसायला नको.

कधी कधी बोलता बोलता भलतंच बाहेर येतं. पाणी नि वेळेचं विचारायला गेलात आणि समोरची घरच्या मारहाणीचं सांगायला लागली, किंवा मुलाबद्दल काही, तर पेन खाली ठेवा, तो आता फीडबॅक नाही. ऐकून घ्या, चार लोकांत नको, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन नि १०९८ ही चाइल्डलाइन हे दोन नंबर प्रत्येक ताईला तोंडपाठ पाहिजेत. ते वहीत कधीच लिहायचं नाही.

कधी विचारायचं? जून नको, दप्तर-गणवेशाची धावपळ असते, गणपती-दिवाळी नको, मे मध्ये निम्मी वस्ती गावाला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बरा काळ. वही मात्र बारा महिने.

गोळा झालेलं सगळं महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सतरंजीवर मांडतो, एका वाक्याची एक चिठ्ठी, आणि ढीग करतो. उद्या होईल ते एकीकडे, पैसे किंवा कमिटीची परवानगी लागेल ते दुसरीकडे, आणि आपल्या हातात नाही ते तिसरीकडे. पाण्याची वेळ तिसऱ्या ढिगात होती, पालिका काही आपल्यासाठी नळ बदलणार नाही, पण आपली वेळ पहिल्या ढिगात होती, एक ते साडेतीन केली. किती जणींनी सांगितलं हे मोजा पण त्यावरच जाऊ नका, आकडीचं एकीनंच सांगितलं होतं आणि ते सगळ्यात आधी केलं, त्या मुलाच्या आईकडून सगळ्या तायांनी शिकून घेतलं की आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.

आणि परत सांगायचं. हे विसरलात तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. चपलांच्या वर एक फळा आहे, त्यावर तुम्ही काय म्हणालात, काय केलं, काय जमलं नाही आणि का, असं खडूनं लिहितो, आणि सगळ्यांना वाचता येत नाही म्हणून रोज गाणी झाल्यावर दोन मिनिटं तोंडीही सांगतो. जमलं नाही ते सांगायला लाज वाटायची आधी, पण संडासाचं कुलूप कमिटी काढू देत नाही हे स्पष्ट सांगितलं तर दोन आज्ज्या स्वतःच कमिटीकडे जाऊन भांडून आल्या. किल्ली आता आमच्याकडे आहे.

आज वहीतली शेवटची ओळ अशी आहे, 'पावसात चपला भिजतात, परवा पोराला कडेवर घेऊन अनवाणी गेले.' पहिल्या ढिगातलं आहे, शुक्रवारपर्यंत थांबायचं कारण नाही, येताना ताडपत्री आणते.